सिस्टरनी बझरला चिकटपट्टी का लावली?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या डॉक्टर एका जिल्ह्याच्या गावी मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवतात. दोन वर्षांपूर्वी गावातल्याच इंजिनियरिंग कॉलेजाने त्यांना गाठलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी 'मेडिकल डिझाइन' हा एका सत्राचा विषय सुरू करायचा होता. अडचण डॉक्टरांनी द्यायची, यंत्र मुलांनी करायचं, असं ठरलं. डॉक्टरांनी अडचण दिली : 'सलाईन संपत आलं की वाजणारा अलार्म हवा.' मुलांनी चौदा आठवड्यांत तो करून दाखवला. बाटलीच्या हुकाला लोड सेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, खाली बझर, शिवाय मोबाइलवर मेसेज. एका स्पर्धेत पहिलं बक्षीसही मिळालं. मग तो वॉर्डात चार खाटांवर लावला आणि नवव्या दिवशी चारही बझरच्या भोकांवर चिकटपट्टी दिसली. आता इंजिनियरिंगचे सर म्हणतात, डॉक्टर वेळ देत नाहीत. मुलं म्हणतात, मॅडम दर वेळी नवीनच काहीतरी सांगतात. विभागप्रमुख विचारतात, यातून आपल्याला काय मिळतं? भरीत भर म्हणून पोस्टरवर डॉक्टरांचं नाव 'आभार'मध्ये, शेवटून दुसरं. नवी बॅच जुलैत येते आहे. त्यांचा प्रश्न असा : हे पुढे चालू ठेवावं, स्वतः थोडं इंजिनियरिंग शिकावं, की सगळं बायोमेडिकलवाल्यांवर, म्हणजे रुग्णालयातली यंत्रं सांभाळणाऱ्या इंजिनियरांवर, सोपवून मोकळं व्हावं?

डॉक्टर,

तुमच्या लांबलचक पत्रात सिस्टरांबद्दल एकच वाक्य आहे, तेही तक्रारीचं : 'स्टाफ कोऑपरेट करत नाही.' मला अख्ख्या पत्रात तेवढंच वाक्य अडलं. पट्टी का लावली, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? इंजिनियरिंगच्या सरांनी विचारलं का? मुलांनी? पत्रावरून तरी कुणी विचारलेलं दिसत नाही.

मी मूळचा इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. शिकवायला लागण्यापूर्वी बरीच वर्षं एका मोठ्या रुग्णालयात बायोमेडिकल विभागात होतो. तिथे एकदा आयसीयूतल्या मॉनिटरच्या स्पीकरमध्ये कापूस कोंबलेला सापडला. मी रीतसर अहवाल लिहिला, 'कर्मचाऱ्यांकडून गैरवापर', आणि खाली झोकात सही केली. इन्चार्ज सिस्टरनी तो वाचला, काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, 'साहेब, आज रात्री दहाला या. स्टूल ठेवते.' गेलो. दोन वाजेपर्यंत बसलो. चाळीस वेळा वाजलेलं मोजलं, मग मोजणं सोडून दिलं. त्यातल्या दोन वेळा सिस्टर खरोखर धावल्या. बाकी वेळा कुणी कूस बदलली होती, कुणाचा इलेक्ट्रोड घामाने सुटला होता, कुणाच्या बोटाचा प्रोब चादरीत हरवला होता. पहाटे मी कापूस परत जागेवर ठेवला असता तर बरं झालं असतं, असं वाटत घरी गेलो. अहवाल मागे घ्यायला मात्र मला तीन आठवडे लागले. इंजिनियरचा अहंकार डॉक्टरपेक्षा लहान असतो, या भ्रमात राहू नका.

आता तुमच्या वॉर्डाकडे वळू. मी तिथे नव्हतो, पण सर्जरीचा जनरल वॉर्ड मला माहीत आहे. पेशंटला संडासला जायचं असतं. नातेवाईक बाटली हुकावरून काढतो, हात उंच धरून मागोमाग चालतो. लोड सेलच्या हिशेबी बाटलीचं वजन एका क्षणात शून्य झालेलं असतं, म्हणजे सलाईन संपलं! बझर कोकलतो. परत येऊन बाटली टांगली की पुन्हा जुळवाजुळव. मधेच अँटिबायोटिकची शंभर मिलीची बाटली त्याच हुकाला लटकते, वजन वाढतं, यंत्र गोंधळतं. रात्री चाळीस खाटांना एक नाहीतर दोन सिस्टर. त्यांनी काय करायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं?

शिवाय सलाईन संपण्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवलेली असते. बाटलीच्या अंगावर पांढऱ्या चिकटपट्टीची उभी पट्टी, तिच्यावर पेनाने आडव्या रेघा, दर रेघेपाशी तास. पाचशे मिली आठ तासांत द्यायचं, सेट वीस थेंबांना एक मिलीचा, म्हणजे मिनिटाला साधारण एकवीस थेंब. हे गणित त्या मनातल्या मनात करतात आणि पट्टीवर उतरवतात. येताजाता एका नजरेत कळतं की बाटली वेळेच्या पुढे आहे की मागे. पट्टीचा खर्च काही पैसे. वर खाटेशी बसलेला नातेवाईक असतोच, 'सिस्टर, संपत आलं' म्हणून हाक मारणारा. तुमच्या मुलांनी ज्या दोन गोष्टींशी स्पर्धा केली, त्या दोन्ही त्यांनी पाहिल्याच नव्हत्या. ज्या चिकटपट्टीने बाटलीवर काम होत होतं, तीच सिस्टरनी बझरला लावली. मला तर यात थोडी विनोदबुद्धीही दिसते.

आणि मुलांना ते दिसावं कसं? तुम्ही त्यांना 'अलार्म हवा' असं सांगितलंत. डॉक्टर, राग मानू नका, पण ती अडचण नव्हती. ते उत्तर होतं, तुम्ही मनात आधीच काढून ठेवलेलं. पेशंट तुमच्याकडे येऊन म्हणतो, 'डॉक्टर, एक एमआरआय लिहून द्या', तेव्हा तुम्ही काय करता? लिहून देता का? 'बसा, कुठे दुखतं ते सांगा' म्हणता. मुलांनी तुम्हाला तेच म्हणायला हवं होतं. पण तिसऱ्या वर्षाचं पोरगं प्रोफेसर सर्जनला 'बसा' म्हणेल का? आपल्याकडे तर नाहीच.

दुखतं कुठे, ते पाहू. सलाईन संपलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर होतं काय? हवा शिरून माणूस दगावेल ही नातेवाइकांची भीती. रोज प्रत्यक्षात होतं ते असं की थेंब थांबतात, नळीत रक्त उलटं चढतं, कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, ब्लॉक होते आणि पेशंटला पुन्हा टोचावं लागतं. म्हातारा, वाळलेला, शिरा न सापडणारा पेशंट असेल तर तीन-तीनदा. मग अडचण अशी मांडता येईल : 'रात्रपाळीत, सिस्टर कमी असलेल्या वॉर्डात, कॅन्युला ब्लॉक होऊन पुन्हा टोचण्याची वेळ कमी कशी येईल?' त्रास कोणता, कुणाला, आणि काय बदललं तर सुधारणा म्हणायची, हे तिन्ही त्यात आलं. स्टॅनफर्डच्या बायोडिझाइन अभ्यासक्रमात मुलांना आधी अशी वाक्यं लिहायला लावतात. एम्स आणि आयआयटी दिल्लीबरोबर 2007 च्या सुमारास तोच धडा भारतात आला. त्या वाक्यात अलार्म कुठेच नाही, हे बघा. उत्तर कदाचित कॅन्युला बांधायच्या पद्धतीत निघेल, कदाचित पेशंटच्या हाताखाली ठेवायच्या फळीत, कदाचित बाटलीची वेळ आणि जेवणाची वेळ वेगळी करण्यात. यंत्र निघालंच पाहिजे असं नाही. इंजिनियरिंगच्या सरांना हे पचायला जड जाईल, कारण त्यांचे गुण यंत्राला आहेत.

तुमच्या भांडणाची निम्मी मुळं त्या गुणपत्रिकेत आहेत, असा माझा अंदाज आहे. मुलांचं सत्र चौदा आठवड्यांचं, शेवटी 'वर्किंग मॉडेल' दाखवायचं, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात ती सर्किट जोडायला बसतात. सहाव्या आठवड्यात तुम्ही राउंड घेताना काहीतरी आठवून सांगता, तेव्हा त्यांच्या दृष्टीने तुम्ही ठरलेलं मोडता. तुमच्या दृष्टीने तो रोजचाच शिरस्ता : सकाळचं निदान संध्याकाळी बदललं तर त्याला कुणी शब्द फिरवणं म्हणत नाही. सरांना भेटून एवढंच मागा की निम्मे गुण वहीला द्या. पहिले पाच आठवडे सोल्डरिंग गन बंद. मुलांनी वॉर्डात बसायचं, दिसलं ते लिहायचं, वाटलं ते वेगळ्या पानावर लिहायचं. त्यातली निदान दोन सत्रं रात्री दहा ते दोन. दिवसा वॉर्ड पाहणं म्हणजे पाहुणे आल्यावर घर पाहणं.

बसणाऱ्यांत तुमचीही मुलं हवीत. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय आले आहेत, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची विद्यार्थ्यांसाठीची छोटी संशोधन योजना तर कितीतरी जुनी आहे. एखादी एमबीबीएसची मुलगी आणि इंजिनियरिंगचा मुलगा एका स्टुलापाशी बसले, की तुमच्या वेळेची निम्मी ओढाताण तिथेच मिटते. मुलगा तिला विचारू शकतो, तुम्हाला विचारायला कचरतो. आणि दोघं एकमेकांना हसू शकतात, हे मी गमतीने म्हणत नाही.

कारण भाषेचाच घोळ मोठा आहे. माझ्या एका बॅचमध्ये डॉक्टर म्हणाले, 'पेशंट स्टेबल आहे', आणि इंजिनियरांनी मान डोलावली. त्यांच्या डोक्यात स्टेबल म्हणजे धक्का दिला तरी पुन्हा मूळ जागी येणारी व्यवस्था. डॉक्टरांच्या मनात होतं, 'आत्ता ठीक आहे, पुढच्या तासाचं सांगता येत नाही.' पार उलट! 'सेन्सिटिव्हिटी' म्हटलं की तुम्हाला चाचणीत किती आजारी माणसं सापडली ते दिसतं, किंवा कल्चरचा रिपोर्ट. आम्हाला इनपुट एवढं बदललं तर आउटपुट किती हललं ते दिसतं. 'टॉलरन्स' तुमच्याकडे औषधाची सवय, आमच्याकडे अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे. 'हार्ट फेल्युअर' ऐकून एका मुलाने मला हळूच विचारलं होतं, 'सर, मग हे काका बोलतायत कसे?' अशा शब्दांचा तक्ता पहिल्या दिवसापासून भिंतीवर लावा, दोन रकान्यांचा. महिन्याभरात तो भरतो. तो भरला की 'मॅडम शब्द फिरवतात' ही तक्रार बरीच ओसरते.

'मुलांना पेशंट ही चीजच ठाऊक नाही' असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे, आणि तुम्हाला लोड सेल ठाऊक नाही. यात दोष कुणाचाच नाही. पण ही दरी भरते कशी, ते बघा. अर्ल बॅकन हा मिनियापोलिसचा इलेक्ट्रिकल इंजिनियर, 1949 पासून एका गॅरेजमध्ये रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करायचा. दुरुस्तीच्या निमित्ताने विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याची सततची ये-जा. सर्जन लिलेहाय यांना तो माहीत होता तो असा, कॉरिडॉरमधला. 31 ऑक्टोबर 1957 ला शहराची वीज गेली. लिलेहायंच्या लहानग्या हृदयरोग्यांचे पेसमेकर तेव्हा भिंतीतल्या प्लगवर चालत. त्या प्रसंगानंतर त्यांनी बॅकनला विचारलं, बॅटरीवर काही करता येईल का? बॅकनने एका छंदाच्या मासिकातलं मेट्रोनोमचं, म्हणजे संगीतात ठेका देणाऱ्या यंत्राचं, सर्किट उचललं आणि चार आठवड्यांत हाताएवढा डबा करून दिला. त्याला सर्किट येत होतं ते झालंच, पण प्लगची वायर खाटेपासून किती लांब असते, पोरगं खाटेवरून उतरलं की काय होतं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्याने ते शेकडो वेळा पाहिलेलं होतं.

या गोष्टीचा शेवट मात्र तुमच्यासाठी इशारा आहे. बॅकनने डबा प्राण्यांवर तपासायला म्हणून नेऊन दिला होता. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तो एका लहान मुलीला जोडलेला. लिलेहाय थांबायला तयार नव्हते. 1957 मध्ये ते खपून गेलं. आज नाही. म्हणून विचारतो : चार खाटांवर ते यंत्र लावताना तुमच्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीला कळवलं होतंत का? पत्रात उल्लेख नाही. 'हुकालाच तर लावलंय, पेशंटला स्पर्शही नाही' असं तुम्ही म्हणाल. पण यंत्र मेसेज पाठवणार म्हणून कुणी बाटलीकडे पाहायचं सोडलं आणि मेसेज गेलाच नाही, तर? पुढच्या वेळी आधी बाटलीखाली बादली ठेवून रिकाम्या खोलीत महिनाभर चालवा. मग कमिटीकडे अर्ज, मग वॉर्ड. भारतात 2017 चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत, धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. मुलांना आपलं यंत्र कुठल्या वर्गात बसेल ते पहिल्या महिन्यात शोधायला लावा. अभ्यासक्रमाचा हा सर्वांत रटाळ तास असेल, मी शिकवला आहे, मला माहीत आहे. पण एकदा तो झाला की स्पर्धेतलं बक्षीस आणि वॉर्डातलं यंत्र यांतलं अंतर त्यांना कळतं.

विभागप्रमुखांच्या प्रश्नाला मी हसणार नाही. बढतीच्या हिशेबात शोधनिबंध मोजले जातात, स्टुलावर बसलेल्या रात्री नाही. त्यांना वहीतून निघणारा निबंध दाखवा : एका वॉर्डात महिनाभरात किती कॅन्युला, कशामुळे, कितव्या तासाला बदलाव्या लागल्या. यंत्र झालं नाही तरी तो निबंध होतो, आणि तो तुमच्या विषयातला असतो. तेवढं बोलणं त्यांना पुरेल.

आता तुमचे तीन पर्याय.

स्वतः इंजिनियरिंग शिकायचं का? ओढ असेल तर जरूर. आयआयटी खरगपूरला 2001 पासून वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं स्वतंत्र स्कूल आहे, तिथे एमबीबीएस डॉक्टरांसाठी तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तुमच्या हाताखालच्या एखाद्या चुणचुणीत इंटर्नला तो सुचवा. पण तुम्ही स्वतः सर्जरी सोडून तिकडे जाल असं वाटत नाही, आणि या विषयासाठी त्याची गरजही नाही. तुम्हाला मल्टिमीटर धरता यायला नको. 'हे करायला अवघड आहे' आणि 'हे करता येत नाही' यांतला फरक इंजिनियरच्या तोंडावर ओळखता यायला हवा. तो सहवासाने येतो.

बायोमेडिकलवाल्यांवर सोपवायचं का? ते मधला दुवा व्हायला उत्तम, माझीच जात आहे ती. मात्र तुमच्या रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करणारा जो तंत्रज्ञ आहे, त्याला या विषयात बोलावलंय का कधी? कुठलं यंत्र कपाटात धूळ खातं आणि का, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याला एक तास द्या. सगळं सोपवून मोकळं होणं हा मात्र मला पर्याय वाटत नाही, कारण मग पुन्हा अडचण चिठ्ठीवर लिहून पाठवणं आलं, फक्त पत्ता बदलला.

चालू ठेवायचं का? मी म्हणेन हो, पण एक वर्षाच्या बोलीवर आणि निकाल आधी ठरवून. थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत सर्जन वलियाथन आणि इंजिनियर भुवनेश्वर यांनी भारतीय हृदयझडप केली, ती काही एका सत्रात झाली नाही. पहिली तीन मॉडेलं फसली. कृत्रिम नीलमाची कडक चकतीदेखील टिकली नाही, शेवटी चौथ्या मॉडेलात प्लास्टिकची चकती टिकली आणि डिसेंबर 1990 मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. तिथे रुग्णालय आणि बायोमेडिकल विभाग एकाच संस्थेचे. फसलं की दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचंच होतं. तुमच्याकडे मुलं मे महिन्यात निघून जातात आणि जुलैत नवी येतात, फसलेलं यंत्र कुणाचंच राहत नाही. म्हणून या जुलैत नवी अडचण देऊ नका. जुनं यंत्र, त्यावरच्या पट्टीसकट, नव्या बॅचच्या टेबलावर ठेवा. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईचं बेटिक हे केंद्र 2014 पासून डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसवून यंत्रं करण्याचं काम करतं, पुण्याच्या सीओईपी आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनियरिंगच्या संस्थांतही त्याच्या शाखा निघाल्या. तुमच्या सरांनी तिथे एकदा जाऊन यावं, मुलांना घेऊन.

राहिलं नाव. 'आभार'मधलं नाव तुम्हाला लागलं, आणि ते लागायलाच हवं. पण कुणी काय केलं हे पहिल्या दिवशी लिहिलेलं नसेल, तर शेवटच्या दिवशी प्रत्येकाला आपलंच आठवतं. एका पानाचा कागद करा : कल्पना कुणाची, बांधणी कुणाची, निरीक्षण कुणाचं, पैसे कुणाचे. दर महिन्याला त्यात भर घाला, सगळ्यांच्या सह्या घ्या. पेटंट घ्यायचं मनात असेल तर आधी अर्ज, मग पोस्टर. जगाला दाखवून झालं की नवेपणाचा दावा अडचणीत येतो. प्राथमिक अर्ज करून ठेवला तर पूर्ण कागदपत्रांसाठी बारा महिने मिळतात, आणि शैक्षणिक संस्थेला फी कमी पडते. हे सरांनाही सांगा, बक्षीस घेताना ते विसरतात. आणि त्या कागदावर सिस्टरांसाठी एक ओळ मोकळी ठेवा. सही त्यांचीही हवी.

त्यांच्याशी बोलायला जाल तेव्हा पट्टी लावणाऱ्या सिस्टर कोण, असं विचारत जाऊ नका, सगळा वॉर्ड गप्प होईल. बाटलीवरच्या रेघा कशा आखतात ते विचारा, मुलांना शिकवाल का म्हणा. वेळ दुपारची ठेवा, पाळी बदलण्याच्या आधी. रात्रपाळी संपताना नको. तेव्हा त्यांना साडेआठची एसटी धरायची असते.